उद्यमबागेतल्या शेडमधला कॉकटेल बार: बर्फ एक नंबर, शनिवार मात्र टाळा

बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे, खानापूर रोडवरून उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, आत वळलं की फौंड्रीच्या शेडांच्या रांगेत हा बार आहे. मोठा बोर्ड नाही. लोखंडी दारावर हातभर पाटी, त्यावर नियमाप्रमाणे कन्नड ठळक आणि इंग्रजी बारीक. मेन्यू सगळा इंग्रजीत आणि टेबलांवरची बोलणी मराठीत, म्हणजे एकूण बेळगावच. रिक्षावाल्याला नाव सांगून काही होत नाही. ‘शेडमधला बार’ म्हणा, बरोबर दारात सोडतो.

बेळगावात बार अँड रेस्टॉरंटांना कधीच तोटा नव्हता. साठ रम, पाण्याची बाटली, मसाला पापड, मटण सुक्कं हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे आणि त्यात काही वाईटही नाही. पण लिंबू समोर पिळून, मापाने ओतून, नीट शेक करून कॉकटेल देणारी जागा हवी तर गोवा नाहीतर पुणे गाठावं लागायचं. ती अडचण आता मंगळवार ते गुरुवार या तीन दिवसांपुरती तरी मिटली आहे. संध्याकाळी साडेसात ते नऊ, काउंटरच्या स्टुलावर बसून प्यालात तर ५५० रुपये वसूल होतात. शनिवारी रात्री नऊनंतर तेच पेय, त्याच भावात, पाणचट येतं. एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे. पण असं का होतं ते बर्फात दडलंय, आणि ते कळलं की कुठल्याही बारमध्ये काय मागवायचं आणि काय नाही याचा अंदाज आपोआप येतो.

आधी जागा. शेड उंच, पत्र्याची, खाली काँक्रीट. चेन ब्लॉकचा गर्डर तसाच ठेवलाय, मोल्डिंग बॉक्समध्ये झाडं लावलीत, रंग उडालेले लाकडी पॅटर्न भिंतीवर टांगलेत. ज्यांनी आयुष्यभर असे पॅटर्न वाळूत दाबून साचे काढले, त्यांच्यातलं कुणी ते बघायला इथे येत असेल असं वाटत नाही. शेजारच्या शेडमध्ये मात्र अजून काम चालतं, आणि ज्या दिवशी ओतकाम असतं त्या दिवशी रेझिनच्या जळक्या वाळूचा वास आठ वाजेपर्यंत अंगणात रेंगाळतो. जिनची निम्मी मजा नाकात असते. तेव्हा अंगणातली टेबलं कितीही देखणी दिसली तरी आठच्या आधी आतच बसा.

काउंटर म्हणजे जुनी बिडाची सरफेस प्लेट, कारखान्यात सपाटी तपासायला वापरतात ती, चार बोटं जाड. वर इपॉक्सीचा थर दिलाय, पण बारटेंडर जिथे लिंबू पिळतो त्या कडेला थर उडालाय. लिंबाचं आम्ल लोखंड सोडत नाही. तिथे तांबूस गोल डाग पडलेत, आणि ओला कोस्टर उचलला की बोटांना गंजाचा वास येतो. डावीकडची तीन स्टुलं म्हणून टाळावीत. मालकांनी तेवढी कड घासून पुन्हा थर दिला तर एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे.

आवाजाचं काय? पत्रा आणि काँक्रीट यांच्यामध्ये आवाज उड्या मारत राहतो. काउंटरच्या वर तरटाचे जाड पडदे सोडलेत, तेवढ्या पट्ट्यात बोलणं ऐकू येतं. मागच्या सहाजणांच्या टेबलांवर नऊनंतर शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. पावसाळ्यात जोराची सर आली की तेही संपतं आणि गाणी बंद करतात. ते एका अर्थी बरंच होतं, कारण गाण्यांची निवड यथातथाच आहे.

आता बर्फ. पुष्कळ बारमध्ये बर्फ म्हणजे पेय गार करायची वस्तू, एवढंच धरून चालतात. कॉकटेलमध्ये बर्फ हा पेयातला घटक असतो, कारण शेकरमधून बाहेर आलेल्या ग्लासात पाव भाग पाणी बर्फाचंच असतं. साधी डायकिरी घ्या: पांढरी रम ६०, लिंबू २०, पाक २०, मिळून १०० मिली. कोरड्या, कडक बर्फावर दहा-बारा सेकंद जोरात शेक केली की ती १३० मिलीच्या आसपास भरते. ते तीस मिली पाणी हवंच असतं, त्यानेच रमची धार बोथट होते आणि लिंबू मोकळं होतं. पण बर्फ आधीच पाझरलेला असेल, म्हणजे बादलीत तासभर पडून त्यावर पाण्याचा थर चढला असेल, तर शेक सुरू व्हायच्या आतच ते पाणी पेयात उतरतं. मग दहा सेकंदांनी पेय गार झालेलं नसतं, पातळ मात्र झालेलं असतं. गार करायला आणखी शेक करावं, तर आणखी पातळ. शनिवारी रात्री जे हातात पडतं ते हेच.

इथली बर्फाची तयारी बेळगावच्या मानाने नवलाचीच आहे. मोठ्या ग्लासात टाकायचा बर्फ बाहेरून येत नाही, इथेच गोठवतात. पंचवीस लिटरच्या थर्माकोलच्या जाड पेटीत गाळलेलं पाणी भरून, झाकण न लावता, डीप फ्रीजरमध्ये ठेवतात. चारी बाजू आणि तळ बंद असल्याने थंडी फक्त वरून शिरते, पाणी वरून खाली गोठत जातं, आणि त्यातली हवा नि क्षार खाली ढकलले जातात. दोन-अडीच दिवसांनी वरचा भाग काचेसारखा निघतो, तळाचा पाव भाग पांढुरका राहतो तो करवतीने कापून टाकतात. पाणी दोनदा उकळलं की बर्फ स्वच्छ होतो असं पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. त्याने फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो गोठण्याच्या दिशेने. घरी करून बघायचं तर आईस्क्रीमचा छोटा कूल बॉक्स पुरतो, फक्त झाकण काढून ठेवायचं आणि पूर्ण गोठायच्या आत बाहेर काढायचा. फ्रीजरमधून काढल्यावर लगेच कापायला जाऊ नका, तडकतो. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून, वरचा पांढरा धूसरपणा गेला की मग सुरी लावायची.

पाच सेंटिमीटरचा एक ठोकळा ११५ ग्रॅम भरतो. एका पेटीतून तासकाम-कापकामाची घट धरून सव्वाशेच्या आसपास ठोकळे निघतात, आणि पेट्या पाळीपाळीने लावल्यामुळे रोज एकच पेटी हाताशी येते. मंगळवारी-बुधवारी तेवढी पुरून उरते. शनिवारी नवाच्या सुमारास संपते. मग पिशवीतला नळीचा पोकळ बर्फ येतो. मधे भोक असल्याने त्याला बाहेरून आणि आतून दोन्हीकडून हवा लागते, आणि ओल्ड फॅशन्डसारखं निव्वळ व्हिस्कीचं कॉकटेल दहा मिनिटांत सरबत होतं. अशा वेळी बारटेंडरला सरळ विचारावं, “मोठा बर्फ हाय काय भावा?” पोरं प्रामाणिक आहेत. “संपलाय की ओ सर, हायबॉल घेतलं तर चालंल,” असं स्वतःहून सांगतात. सांगतील ते ऐका. हायबॉल म्हणजे दारूवर भरपूर सोडा. सोड्यात आधीच पाणी असतं, तिथे वाईट बर्फाने फारसं बिघडत नाही.

लिंबाची गोष्ट बर्फाइतकीच महत्त्वाची, पण ती इथे बहुतेक वेळा बरोबर जमते. विजापूर-इंडीकडचं कागदी लिंबू वापरतात, संध्याकाळी सहाला पिळतात आणि रात्री उरलेला रस ओतून टाकतात. लिंबाचा रस पिळल्यावर पाच-सहा तास चांगला असतो. दुसऱ्या दिवशी आंबट राहतो, पण वास मरतो आणि मागे कडवट चव येते. एका मध्यम लिंबाचा रस १५ मिलीच्या आसपास, म्हणजे एका सॉअरला, लिंबू आणि पाक घातलेल्या आंबट कॉकटेलला, दोन लिंबं लागतात. उन्हाळ्यात लिंबाचे भाव चढतात तेव्हा पुष्कळ बार बाटलीतल्या रसावर जातात. इथे तसं होत नाही, मात्र एप्रिल-मे मध्ये मेन्यूवरची दोन पेयं गुपचूप गायब होतात. हा मार्ग जास्त सरळ वाटतो.

पाक साखरेचा नाही, गुळाचा. इथेच या बारची खरी हुशारी आहे आणि इथेच एक धोकाही. पिवळाधमक, देखणा गूळ घेतला तर त्यात रंग उजळायला मारलेल्या हायड्रोसचा गंधकासारखा वास राहतो, आणि तो रममध्ये लपत नाही, उलट उठून दिसतो. काळपट, बिनरसायनाचा गूळ घेतला तर चव खोल येते, पण पेय गढूळ दिसतं. शिवाय रसाची मळी काढताना चुना वापरतात, तो गुळात उरलेला असेल तर लिंबाचा आंबटपणा थोडा मारतो. त्यामुळे गुळाच्या पाकात लिंबू साखरेच्या पाकापेक्षा दोन-तीन मिली जास्त घालावं लागतं. इथे महालिंगपूरकडचा काळा गूळ आणतात. १०० ग्रॅम गुळाला १०० मिली पाणी, कोमट करून विरघळवायचा, उकळायचा नाही, पातळ सुती कापडातून दोनदा गाळायचा, फ्रीजमध्ये दहा-बारा दिवस. उकळला की तो काकवीकडे झुकतो आणि लिंबाचा वास झाकून टाकतो. ही डायकिरी, म्हणजे पांढऱ्या रमची आणि गुळाची, मेन्यूवर कोपऱ्यात आहे आणि बहुतेक टेबलं तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. ४५० रुपयांत त्या मेन्यूवर याहून चांगलं काही नाही.

लोक मागवतात ते कोकम-जिन, ५५०. तेही उत्तम आहे. कोकम आगळ वापरून हे पेय करायला जाऊ नका, आगळात मीठ भरपूर असतं आणि जिनबरोबर ते समुद्राचं पाणी लागतं. इथे बिनमिठाचं आमसूल ४० ग्रॅम, ४०० मिली कोमट पाण्यात दोन तास भिजवून, न कुस्करता गाळतात. कुस्करलं की तुरटपणा उतरतो. मग जिन ४५, कोकमाचं पाणी ४०, गुळाचा पाक १५, लिंबू १०, हिरव्या मिरचीच्या दोन चकत्या शेकरमध्ये, आठ सेकंद शेक, उंच ग्लासात गाळून वर ६० मिली सोडा. मिरची जिनमध्ये मुरवत ठेवत नाहीत हे बरं करतात. तिखटपणा दारूत पाण्यापेक्षा लवकर उतरतो, आणि मुरवलेली बाटली मंगळवारी सौम्य तर शुक्रवारी जीभ भाजणारी होते. ग्लासाच्या कडेला संकेश्वरी मिरची, भाजलेलं जिरं आणि मीठ. रंग सुंदर येतो, त्यामुळे पेय येताच आधी मोबाइल निघतात. तोवर सोडा बसतो. फोटो नंतर काढा.

याच यादीत नारळाचं दूध घातलेली ‘सोलकढी मार्टिनी’ही आहे. ती मागवू नका. ताजं नारळाचं दूध, कोकमाचं आम्ल आणि चाळीस टक्के दारू यांचं जमत नाही. पाच मिनिटांत स्निग्धांश वर, गुलाबी पाणी खाली, आणि मधे फाटलेल्या दुधासारखे कण. ढवळून पुन्हा एक होत नाही. सोलकढी जेवणाबरोबर वाटीतच बरी.

कुंद्याचा मिल्क पंच ६५० रुपयांना आहे आणि बेळगावच्या नावावर काहीही खपवायचा प्रकार असेल अशी शंका वाचताना येते. तसा तो नाही. मिल्क पंच ही जुनी युक्ती आहे: आंबट दारू दुधात घालून दूध मुद्दाम फाडायचं, मग गाळायचं. फाटलेल्या दुधाचा चोथा दारूतला तुरटपणा आणि रंग ओढून घेतो आणि खाली नितळ पेय उरतं. इथे २०० मिली म्हशीच्या दुधात ८० ग्रॅम कुंदा गरम करून विरघळवतात. वेगळ्या भांड्यात काळी रम ४००, कडक कोरा चहा २००, लिंबू १२०, गुळाचा पाक ८०. दूध कोमट झालं की रमचं मिश्रण बारीक धारेने दुधात सोडायचं. क्रम उलटा केला, म्हणजे दूध रममध्ये ओतलं, तर चोथा एकदम बारीक पडतो, गाळणीतून निसटतो आणि पेय ढगाळ राहतं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी जाड कापडातून आणि मग कॉफी फिल्टरमधून गाळतात. पहिली वाटीभर धार गढूळ येते, ती परत वर ओततात, म्हणजे चोथ्याचा थरच गाळणीचं काम करतो. इथे घाई करून कापड पिळलं की सगळं वाया. चक्का बांधल्यासारखं टांगून ठेवायचं आणि विसरून जायचं.

हातात येतं ते चहाच्या रंगाचं, आरपार दिसणारं पेय, मोठ्या ठोकळ्यावर ९० मिली. दुधाचा मागमूस नसतो, पण आटवलेल्या दुधाचा तो खरपूस वास शेवटी येतो आणि घोट संपल्यावरही टिकतो. तीन गोष्टी मात्र माहीत हव्यात. दिसत नसलं तरी यात दुधातलं पाणी आणि साखर आहेच, ज्यांना दूध पचत नाही त्यांनी लांब राहावं. दुसरं, गोड आणि मऊ लागलं तरी एका ग्लासात पस्तीसेक मिली ४२.८ टक्क्यांची रम असते. ‘साखरेचं पाणी’ म्हणून तीन रिचवणारा चौथ्याला उठताना गर्डर धरतो. तिसरं, हे आठवड्यातून दोनदाच करतात, रविवारी बहुधा संपलेलं असतं. आणि कधी ढगाळ आलं तर परत पाठवायला लाजू नका. दूध पातळ निघालं किंवा लिंबू कमी पडलं की तसं होतं, आणि ते त्यांनाही माहीत असतं.

परदेशी नावांच्या जुन्या पेयांत नेग्रोनी नीट मिळतं. जिन, कॅम्पारी नावाचं कडू लाल मद्य, गोड व्हर्मूथ, प्रत्येकी ३०, बर्फावर तीसेक सेकंद ढवळून. नेग्रोनी बिघडतं ते व्हर्मूथमुळे. व्हर्मूथ ही शेवटी वाईनच. उघडल्यावर फ्रीजमध्ये महिनाभर बरी राहते, उजेडातल्या फळीवर ठेवली तर दोन आठवड्यांत मनुकांच्या जुन्या पाण्यासारखी होते. इथे बाटली फ्रीजमध्ये असते, गळ्याला उघडल्याची तारीख लिहिलेली चिकटपट्टी. कुठल्याही नव्या बारमध्ये पहिल्यांदा गेलात तर हा एक प्रश्न विचारा. उत्तर फळीकडे बोट दाखवून आलं तर बिअर मागवा.

व्हिस्की सॉअरवरचा फेस अंड्याच्या पांढऱ्याचा असतो, हे श्रावणात टेबलावर आल्यावर कळलं की पंचाईत होते. इथे विचारतात. शाकाहारी हवं तर काबुली चणे शिजवलेलं पाणी २० मिली घालून आधी बर्फाशिवाय आणि मग बर्फ घालून शेक करतात, फेस जवळजवळ तसाच येतो. फक्त ते पाणी बिनमिठाच्या चण्यांचं हवं. गर्दीत किचनमधलं छोल्यांचं पाणी आलं तर सॉअर खारट लागतं, एक घोट घेऊन लगेच सांगावं. लाँग आयलंड ६९० रुपयांना आहे, पाच दारू प्रत्येकी १५ म्हणजे ७५ मिली. पैशाला दारू एवढाच हिशेब असेल तरी ६० मिली रमची ४५० ची डायकिरी स्वस्त पडते, आणि चवीचा हिशेब असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

फेणीचं कॉकटेल मागणारे रोज भेटतात. गोवा हाकेवर असला तरी मिळणार नाही. कर्नाटकातल्या बारला माल कर्नाटक स्टेट बेव्हरेजेस कॉर्पोरेशनकडूनच घ्यावा लागतो, आणि राज्यात नोंद नसलेलं लेबल त्या गोदामात येतच नाही. गोव्याहून चोर्ला घाटाने येताना गाडीत बाटली टाकून आणून ‘आमची घाला, मेकिंग घ्या’ असा प्रस्ताव मांडणारेही असतात. परवान्याशिवाय तशी बाटली आणणं गुन्हा आहे, कणकुंबीला गाड्या तपासतात, आणि बारवाल्याने ती उघडली तर त्याचं लायसन्स जाईल. तो नाहीच म्हणणार.

खाणं बरं, ग्रेट नाही. रताळ्याचे काप घ्या. बेळगावचं रताळं आहे, पातळ कापून दोनदा तळतात, मीठ-मिरची वर. मटण सुक्कं शहरातल्या कुठल्याही बऱ्या खानावळीत याहून चांगलं आणि निम्म्या पैशात मिळतं. काजू फ्राय तेलकट. बाकी ज्या डिशच्या नावात ‘ट्रफल’ आहे ती बाटलीतल्या वासाच्या तेलावर उभी आहे, सोडून द्या.

बिल दोन भागांत येतं. दारूवर जीएसटी नाही, खाणं आणि मॉकटेलवर ५ टक्के. खाली ‘स्टाफ कॉन्ट्रिब्युशन’ म्हणून आणखी ५ टक्के छापून येतात, हा सर्व्हिस चार्जच, फक्त नाव बदललेलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की कुठल्याही नावाने तो आपोआप लावता येत नाही. काढा म्हटलं की कुरकूर न करता काढतात, हे त्यांच्या बाजूने. ते पैसे काउंटरमागच्या पोराच्या हातात रोख द्यावेत. बहुतेक खानापूर, हुक्केरीकडची पोरं आहेत, हात स्वच्छ चालतात. मापाबाबतही तक्रार नाही. दोन तोंडांचं ३०-४५ मिलीचं माप, ज्याला जिगर म्हणतात, काठोकाठ भरतात, अंदाजाने ‘फ्री पोअर’ करत नाहीत. “लिंबू ताजं न्हवं काय?” विचारलं तर “आत्ताच पिळलोय की सर,” म्हणून साली दाखवतात.

दोघांनी प्रत्येकी दोन पेयं आणि एक-दोन प्लेट घेतल्या तर २,६०० ते २,९०० होतात. याच रस्त्यावरच्या साध्या बारमध्ये तेवढ्यात चौघं जेवून उठतात, हे खरंच आहे. आणि हेही खरं की या बोळात आता दोन कॅफे आणि एक जिम आलीय, शेडची भाडी लेथवाल्यांना परवडेनाशी झालीत, काहीजण मच्छे गावाकडे जागा बघतायत. बारचा त्यात दोष किती आणि जागामालकांचा किती हे ठरवणं सोपं नाही. पण रात्री आठला सेकंड शिफ्टचा माल भरायला आलेला टेम्पो अंगणातल्या पाहुण्यांच्या गाड्यांमुळे अडकतो, तेव्हा दोष पार्किंगचा असतो आणि तो बारने सोडवायलाच हवा. सध्या एकच वॉचमन आहे आणि तो गेटपुरता बघतो. चारचाकी आणायचीच तर समोरच्या शेडचं शटर मोकळं ठेवून लावा. तिथे रात्री काम चालतं.

खरं म्हणजे गाडी आणूच नका. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे, आणि इथल्या दोन पेयांत बहुतेकांची ती ओलांडते. पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. साडेदहानंतर उद्यमबागेत रिक्षा आपोआप मिळत नाही, मीटरही नावालाच असतो. येताना ज्याने सोडलं त्याचाच नंबर घेऊन वेळ ठरवून ठेवा. शेवटची ऑर्डर पावणेअकराला. अंगणातली गाणी दहाला बंद होतात, मागच्या बाजूला राहती घरं आहेत. दारात २१ वर्षांचा पुरावा मागतात, कॉलेज जवळ असल्याने दाढी बघून सोडत नाहीत, आधार किंवा लायसन्स जवळ असू द्या.

गणेश विसर्जन, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि निवडणुकीच्या आसपास दारूबंदीचे आदेश निघतात, त्या दिवसांत आधी फोन करा. सोमवारी बंद. टेबल फोनवर राखून ठेवतात, काउंटरची नऊ स्टुलं मात्र जो आधी येईल त्याची. उजवीकडून तिसरं रिकामं असेल तर तेच धरा, बर्फ कापायची फळी त्याच्या अगदी समोर आहे.